तिसऱ्या पुस्तकानंतरचा लेखक

मराठीत पहिलं पुस्तक घेऊन येणाऱ्याचं स्वागत बऱ्यापैकी होतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांमध्ये प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत. साहित्य अकादमीने २०११ साली युवा पुरस्कार सुरू केला, तो पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी. दुसऱ्या टोकाला, आयुष्यभराच्या कामासाठी, विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार आहे, नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान आहे, साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आहे. हे सगळं हवंच. पण या दोन टोकांच्या मधे वीस-पंचवीस वर्षं जातात, आणि त्या वर्षांत लिहिणाऱ्याकडे आपलं पुरेसं लक्ष नसतं.

हा मधल्या वर्षांतला लेखक तुमच्या माहितीतला असतो. वय पंचेचाळीस ते साठ. तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, बँकेत किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करतो, नाहीतर शेती बघतो. बाई असेल तर नोकरी, स्वयंपाक आणि घरातल्या म्हाताऱ्यांची आजारपणं उरकून रात्री लिहायला बसते. चार-पाच पुस्तकं झालेली असतात. पहिल्याला एखादा पुरस्कार मिळालेला असतो. दिवाळी अंकांचे संपादक हक्काने कथा मागतात. नाव निघालं की लोक ‘चांगलं लिहितात’ म्हणतात, आणि शेवटचं काय वाचलंत असं विचारलं की पहिल्या पुस्तकाचं नाव सांगतात.

यात नुकसान लेखकाचं आहेच, पण त्याहून जास्त वाचकांचं आहे. लेखकाचं पक्कं, स्वतःचं म्हणावं असं काम बहुतेक वेळा याच काळात होतं. कृष्णात खोत यांना २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘रिंगाण’साठी मिळाला. त्याआधी ‘गावठाण’, ‘रौंदाळा’, ‘झड-झिंबड’ आणि ‘धूळमाती’ या त्यांच्या कादंबऱ्या येऊन गेल्या होत्या. २०२२मध्ये ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’साठी पुरस्कार मिळालेल्या प्रवीण बांदेकरांची ‘चाळेगत’ त्याच्या कितीतरी आधीची. नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ १९९७ची. अकादमीने त्यांच्या ‘उद्या’ची निवड केली ती २०२०च्या पुरस्कारासाठी, आणि आपण पुरस्कार घेणं काही वर्षांपूर्वीच थांबवलं आहे असं सांगून त्यांनी तो नाकारला. हिंदीतही असंच दिसतं. गीतांजली श्री यांची ‘माई’ १९९३ची. ज्या ‘रेत समाधि’च्या इंग्रजी अनुवादाला २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, ती त्यांची पाचवी कादंबरी. जाणकारांना ही नावं आधीपासून ठाऊक होती. इतरांपैकी पुष्कळांना ती बातमीतून कळली. माझा प्रश्न बातमीच्या आधीच्या वर्षांचा आहे: दुसरी, तिसरी, चौथी कादंबरी आली तेव्हा तिच्याबद्दल बोलणारे किती होते? लेखकाला सोबत तेव्हा हवी असते. आणि ज्यांच्या नावाची बातमी कधीच होत नाही, त्यांची संख्या या नावांपेक्षा खूप मोठी आहे.

भाऊ पाध्ये यांचं उदाहरण तर मराठीने विसरू नये असं आहे. ‘वासूनाका’ १९६५मध्ये आलं आणि त्यावर मोठं वादळ उठलं. पुढे भाऊंनी भरपूर लिहिलं, पण बहुसंख्य वाचकांच्या मनात त्यांचं नाव त्या एका वादालाच चिकटून राहिलं. दिलीप चित्र्यांसारख्या समकालीन कवीने त्यांच्या कथांची निवड करून संपादन केलं, म्हणून पुढच्या पिढीला भाऊंकडे जायला एक दार मिळालं. एका लेखकाने दुसऱ्यासाठी केलेलं हे काम आहे. असं काम करायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्याची सुरुवात वाचकालाही करता येते. कशी, ते आता सांगतो.

एक लेखक निवडा आणि पूर्ण वाचा

पहिली गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात कमी केली जाणारी. वर्षाला वीस वेगवेगळ्या लेखकांची वीस पुस्तकं वाचण्याऐवजी त्यातल्या पाच-सहा जागा एकाच लेखकाला द्या. तीनपेक्षा जास्त पुस्तकं झालेला, तुमच्या जिल्ह्यातला किंवा तुमच्या आवडीच्या प्रकारातला, हयात असलेला आणि अजून लिहिणारा लेखक निवडा. त्याची पुस्तकं प्रकाशनाच्या क्रमाने वाचा. पहिल्या पुस्तकात जे वातावरण होतं ते तिसऱ्यात कुठे गेलं, भाषा कुठे सैल झाली, कुठे घट्ट झाली, कुठला माणूस पुन्हा पुन्हा वेगळ्या नावाने येतो, हे क्रमाने वाचल्याशिवाय कळत नाही. एकेकटं वाचल्यावर साधारण वाटलेलं पुस्तक त्या क्रमात पुढच्या मोठ्या पुस्तकाची तयारी म्हणून दिसू लागतं.

दोन पुस्तकांमधलं मोठं अंतर बघून लेखक संपला असं ठरवू नका. अरुण कोलटकरांचा ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७चा. त्यांचे पुढचे मराठी संग्रह आले ते २००३ साली. मधल्या काळात ते लिहीतच होते. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला २००५मध्ये, आणि कोलटकर २००४मध्येच गेले होते.

पुस्तकं शक्य असतील तर विकत घ्या. इथे पैशांचा हिशेब उघड मांडायला हवा, कारण वाचकांना तो सहसा माहीत नसतो. समजा पुस्तकाची किंमत ३०० रुपये आहे आणि लेखकाला दहा टक्के रॉयल्टी ठरली आहे. म्हणजे प्रतीमागे ३० रुपये. हजार प्रतींची आवृत्ती संपली तर ३०,००० रुपये. ती संपायला पाच वर्षं लागली तर वर्षाला ६,००० रुपये. कादंबरीसाठी केलेला प्रवास, घेतलेली बिनपगारी रजा, टायपिंगचा खर्च यातूनच भागवायचा. कवितासंग्रहाची आवृत्ती याहून पुष्कळ लहान निघते. तेव्हा लेखकाकडे ‘एक प्रत भेट द्या ना’ असं कधीही म्हणू नका. त्याला मिळालेल्या मोजक्या प्रती अशा मागण्यांतच संपतात, आणि पुढे परीक्षकांना पाठवायला त्याला स्वतःचंच पुस्तक विकत घ्यावं लागतं.

नव्या पुस्तकाबरोबर एक जुनंही मागा. दुकानदाराकडे, ऑनलाइन विक्रेत्याकडे, थेट प्रकाशकाकडे. ‘संपलंय’ असं उत्तर आलं तर प्रकाशकाला दोन ओळींचं पत्र किंवा ई-मेल करा: अमुक पुस्तक हवं आहे, नवी आवृत्ती कधी? अशी पंधरा-वीस पत्रं वर्षभरात गेली तर लहान आवृत्ती काढण्याचा विचार प्रकाशक करू शकतो. आता थोड्या प्रती छापण्याचं तंत्र हाताशी आहे, त्यामुळे हजाराच्या आवृत्तीचा धोका पत्करावाच लागतो असं नाही.

आणि लेखकाला कळवा. चौथ्या पुस्तकावरची एक नेमकी प्रतिक्रिया, म्हणजे कुठल्या प्रकरणात काय जाणवलं, कुठे पटलं नाही, अशी, त्याला पुढची दोन वर्षं पुरते. ‘छान आहे, आवडलं’ एवढ्याने त्याच्या हाती काही लागत नाही.

परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी

वर्तमानपत्रांतली पुस्तकांची जागा आकसली आहे. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद झालं, त्यानंतर अनेक चांगली नियतकालिकं आली आणि त्यातली काही थांबली. तरी ‘साधना’, ‘ललित’, ‘मुक्त शब्द’, साहित्यसंस्थांची मुखपत्रं, दिवाळी अंक आणि तुमचं स्वतःचं समाजमाध्यमावरचं पान एवढं हाताशी आहेच. जागा कमी असेल तर एकाच पुस्तकाचा सारांश सांगण्यात ती घालवू नका. लेखकाची दोन-तीन पुस्तकं एकत्र घेऊन लिहा. मधल्या टप्प्यातल्या लेखकाला अशा लेखाची गरज सर्वांत जास्त असते. आजवर त्याच्या प्रत्येक पुस्तकावर सुटी-सुटी परीक्षणं आलेली असतात, पण त्याने एकूण काय केलं आहे हे कुणीच मांडलेलं नसतं.

कौतुकाची घाई करू नका. उपेक्षित लेखकावर लिहिताना आपण आपोआप हळवे होतो आणि सगळंच उत्तम म्हणून टाकतो. ही दया आहे, आणि लेखकाला ती ओळखू येते. तिसरी कादंबरी फसली असेल तर का फसली ते लिहा. इतकं बारकाईने कुणी वाचलं, हाच त्याच्यासाठी मोठा मान असतो.

शाल-श्रीफळाऐवजी दिवसभराची चर्चा

प्रकाशन समारंभ आपल्याला छान जमतो. पाहुणे येतात, पुस्तकाची रिबन सुटते, भाषणं होतात, फोटो निघतात. त्यात बोलणाऱ्यांनी पुस्तक बहुधा आदल्या दिवशी हातात घेतलेलं असतं, आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीच वाचलेलं नसतं, कारण ते त्या क्षणीच बाहेर आलेलं असतं. पहिल्या पुस्तकाला हा आनंद मिळायलाच हवा. पाचव्या पुस्तकाला वेगळ्या गोष्टीची गरज आहे.

माझं आग्रहाचं म्हणणं असं, की प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा, एका हयात आणि लिहित्या लेखकाच्या सगळ्या पुस्तकांवर एक पूर्ण दिवस बोललं जावं. महाराष्ट्र साहित्य परिषद, विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद यांच्या शाखा गावोगाव आहेत. सार्वजनिक वाचनालयं आहेत. कॉलेजांचे मराठी विभाग आहेत. तिघांनी मिळून केलं तर खर्च आवाक्यात राहतो.

तयारी चार महिने आधी सुरू करावी. लेखक ठरला की त्याची संमती घ्यावी आणि सगळ्या पुस्तकांचे तीन-तीन संच वाचनालयात आणून ठेवावेत. ते विकत घेतलेले असावेत. जे पुस्तक मिळत नाही, त्याची लेखकाकडची प्रत त्याच्या परवानगीने आळीपाळीने वाचायला द्यावी. चार किंवा पाच वक्ते पुरेत. प्रत्येकाला एक पुस्तक वाटून देण्यापेक्षा प्रत्येकाला एक प्रश्न द्यावा. या लेखकाच्या पुस्तकांतल्या बायका कशा बदलत गेल्या? शेती किंवा कारखाना किंवा शहर त्यात कसं येतं? बोलीचा वापर कुठे साधला, कुठे अडला? असा प्रश्न घेतला की वक्त्याला सगळी पुस्तकं वाचावीच लागतात. एक वक्ता तरी साहित्याच्या बाहेरचा असावा. शेतीवरच्या कादंबऱ्या असतील तर गावातला चार पावसाळे जास्त पाहिलेला शेतकरी, दवाखान्यावरच्या असतील तर परिचारिका. मला अशा माणसांचं बोलणं पुष्कळदा प्राध्यापकांच्या निबंधाहून उपयोगाचं वाटलं आहे, कारण ते पुस्तक आणि जगणं यातलं अंतर नेमकं दाखवतात.

दुपारनंतरचा वेळ वाचकांना द्यावा. आदल्या चार महिन्यांत ज्यांनी पुस्तकं नेली त्यांनी पाच-पाच मिनिटं बोलावं. लेखकाने शेवटी बोलावं, आणि त्याला हवं असेल तर नव्या, अजून अपुऱ्या असलेल्या लेखनातलं काही वाचावं. अपुरं लेखन ऐकणारे लोक मिळणं ही त्याच्यासाठी दुर्मीळ गोष्ट आहे.

पैशांबद्दल संकोच नको. मंडप, हार, स्मृतिचिन्ह, पाहुण्यांची जेवणं यावर खर्च होतो आणि ज्याच्यासाठी सगळं चाललं आहे त्याला ‘तुम्ही तर आपलेच’ म्हणून फक्त शाल मिळते. हे उलटं करा. लेखकाचा जाण्या-येण्याचा खर्च, राहण्याची सोय आणि मानधन आधी ठरवा आणि पत्रात आकडा लिहा. स्मृतिचिन्ह नसलं तरी चालतं. सभागृहाबाहेर पुस्तकविक्रीचं टेबल असावं आणि त्यावर जुनी पुस्तकंही असावीत. भाषणं मोबाइलवर का होईना ध्वनिमुद्रित करा, आणि निबंध जवळच्या नियतकालिकाच्या संपादकांना आधीच विचारून त्यांच्याकडे द्या. पुढे त्या लेखकावर काम करणाऱ्याला कुठून तरी सुरुवात करायला हे साहित्य लागतं.

ग्रंथालय, कॉलेज, परीक्षक

महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे शासनमान्य ग्रंथालयांचं जाळं उभं राहिलं. अ, ब, क, ड वर्गांतली ही ग्रंथालयं गावागावांत आहेत आणि अनुदानातून दरवर्षी पुस्तकं घेतात. खरेदी कशाची होते, हे सभासद किती मागणी करतात यावरही ठरतं. मागणी लिहून द्या. नुसतं ‘अमुक कादंबरी’ असं न लिहिता ‘अमुक लेखकाची उपलब्ध सर्व पुस्तकं’ असं लिहा. ग्रंथपाल तुमच्या ओळखीचे असतील तर आणखी एक विनंती करा: दर्शनी कपाटात नव्या खरेदीशेजारी एक फळी ‘या महिन्याचे लेखक’ म्हणून एकाच लेखकाच्या पुस्तकांसाठी ठेवा. न वाचली जाणारी पुस्तकं बाद करण्याची वेळ येते तेव्हा अशा लेखकांची पहिल्या आवृत्तीची प्रत रद्दीत जाणार नाही याकडेही कुणीतरी लक्ष द्यायला हवं.

कॉलेजात शिकवणाऱ्यांच्या हातात खूप आहे. अभ्यासमंडळावर असाल तर अभ्यासक्रमात लेखकाचं तेच ते गाजलेलं पहिलं पुस्तक लावण्याऐवजी नंतरचं लावता येतं का ते बघा. पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं की त्याची आवृत्ती निघते, हा अनुभव सगळ्या प्रकाशकांना आहे. एम.ए.च्या प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांना हयात लेखकाची मुलाखत घ्यायला पाठवा, पण आधी त्यांच्याकडून सगळी पुस्तकं वाचून घ्या. ‘तुम्ही लिहायला कधी सुरुवात केली’ या प्रश्नाला लेखकाने आयुष्यात असंख्य वेळा उत्तर दिलेलं असतं.

पुरस्कार समित्यांचं काम जास्त नाजूक आहे. अनेक खासगी पुरस्कारांसाठी लेखकाने किंवा प्रकाशकाने स्वतः अर्ज करून प्रती पाठवायच्या असतात. ज्याला हे जमतं किंवा ज्याचा प्रकाशक तत्पर आहे, तोच परीक्षकांपर्यंत पोचतो. संकोची लेखक, छोट्या गावातला प्रकाशक, स्वतः खर्च करून पुस्तक काढलेली बाई, हे यादीतच येत नाहीत. तुम्ही एखाद्या पुरस्काराचे आयोजक असाल तर वाचक आणि ग्रंथपाल यांच्याकडूनही शिफारशी मागवा, आणि शिफारस झालेल्या पुस्तकाच्या प्रती संस्थेने विकत घ्याव्यात. दुसरं, पुरस्कार बहुतेक एका ठराविक काळातल्या एका पुस्तकाला असतात. साहित्य अकादमीच्या २०२३च्या पुरस्कारासाठी, उदाहरणार्थ, २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत पहिल्यांदा प्रसिद्ध झालेली पुस्तकं विचारात घेतली गेली. त्या चौकटीतून चांगलं पुस्तक निसटलं की ते कायमचं निसटतं. नवा पुरस्कार सुरू करायचा विचार असेल, आणि गावोगाव आई-वडिलांच्या स्मरणार्थ असे पुरस्कार सुरू होत असतात, तर त्याला वेगळी अट घाला: किमान चार पुस्तकं झालेली, वय चाळीस ते साठ, आणि विचार एकूण लेखनाचा. रक्कम एकदम देण्याऐवजी पुढच्या पुस्तकाच्या कामासाठी वर्षभर दरमहा दिली तर नोकरी करणाऱ्या लेखकाला बिनपगारी रजा घेता येते. महाराष्ट्र फाउंडेशनच्या निमित्ताने अमेरिकेतल्या मराठी माणसांनी इथल्या लेखकांच्या पाठीशी उभं राहायचा मार्ग दाखवला आहेच. परदेशातल्या मंडळांनी नाटक आणि गाण्यांच्या दौऱ्यांबरोबर अशा एखाद्या लेखनवृत्तीचा विचार जरूर करावा.

हक्क आणि विखुरलेलं लेखन

लेखकाच्या जवळच्या मित्रांसाठी आणखी दोन कामं आहेत. ती कष्टाची आहेत, पण बाहेरचं कुणी करणार नाही.

पहिलं, करारांचं. अनेक लेखकांची जुनी पुस्तकं वर्षानुवर्षं बाजारात नसतात आणि हक्क कुणाकडे आहेत हे त्यांनाच माहीत नसतं. काही वेळा लेखी करारच नसतो. १९५७च्या प्रताधिकार कायद्याचं १९वं कलम इथे उपयोगी आहे. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. ज्याने हक्क घेतले त्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास त्या हक्कांचं हस्तांतर संपतं. लेखकासोबत बसून प्रत्येक पुस्तकाचे कागद शोधा, एकदा वकिलाला दाखवा आणि प्रकाशकाला सौजन्याने पत्र लिहा. हक्क मोकळे आहेत हे स्पष्ट झालं की नवी आवृत्ती, ध्वनिपुस्तक, अनुवाद या सगळ्यांची बोलणी सुरू होऊ शकतात. अनुवादक आणि परभाषेतले संपादक पहिला प्रश्न हाच विचारतात.

दुसरं, विखुरलेल्या लेखनाचं. आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा १९०९च्या ‘मनोरंजन’पासूनची, त्यामुळे कथाकाराचं उत्तम काम अंकांमध्ये पडून राहतं. पंचवीस वर्षं लिहिणाऱ्या लेखकाच्या संग्रहात न आलेल्या कथा, लेख, कवितांचा सहज एक-दोन पुस्तकांइतका ऐवज असतो. त्याच्या घरातले अंक वाळवी आणि ओल यांच्या तावडीत असतात. दोघा-तिघांनी काही रविवार काढा. प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि त्या लेखकाची पानं नीट प्रकाशात स्कॅन करा. यादीत लेखनाचं शीर्षक, प्रकार, अंकाचं नाव, वर्ष, संपादकाचं नाव आणि पृष्ठक्रमांक लिहा. ते लेखन पुढे कुठल्या संग्रहात आलं असेल तर तेही नोंदवा. जे अंक घरात मिळत नाहीत ते ठाण्याच्या किंवा मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थांत शोधा. यादीची एक प्रत लेखकाकडे, एक प्रकाशकाकडे आणि एक गावच्या वाचनालयात द्या, आणि दरवर्षी दिवाळीनंतर तीत नव्या नोंदी घाला.